मशीनचा बाहीभर विचार

सोमवार, ३ नोव्हेंबर

आजपासून मी सेनापती आहे. ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्यावं. मी सकाळी वेणी घालताना आरशात बघून पोटभर हसून घेतलंय.

झालं असं की आमच्या सूनबाईने विमा कंपनीतली नोकरी सोडली त्याला सहा महिने झाले. तिथे ती खोलीभर पसरलेल्या कॉम्प्युटरवर काम करायची. आता टाइपरायटरएवढा एक घरी आणलाय, त्याची तार आमच्या टीव्हीच्या पाठीत खुपसलीय, आणि त्यात ती लढाईचा खेळ बनवतेय. लढाई म्हणजे धाडधाड गोळ्या नव्हेत, डोकं लावून खेळायची. पडद्यावर नदी, पूल, टेकडी, गाव, आणि सगळीकडे मधमाशीच्या पोळ्यासारखी सहा कोनांची घरं. आपले शिपाई पांढरे, मशीनचे काळे. आपण चाल करायची, मग मशीन करतं. वीस चाली पूल राखला की आपण जिंकलो. समोर दुसरं माणूस लागतच नाही, हीच म्हणे त्यातली नवलाई.

काल जेवताना ती म्हणाली, "आई, हे खेळून बघायला मला असं माणूस हवंय, ज्याला यातलं काही म्हणजे काहीच कळत नाही."

चिरंजीव ताटात बघत राहिले. नात तेवढी सरळ माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, येते हो, आधी भाजी तरी संपवू दे.

सूनबाईने एक निळी वही दिलीय. रोज काय केलं, मशीनने काय केलं, सगळं लिहायचं, क्षुल्लक वाटलं तरी. ही तपकिरी वही माझी स्वतःची, नातीच्या भूगोलाची उरलेली. निळीत सैन्याचं, हिच्यात मनातलं. चौथीपर्यंत शिकले, चौथीतही गणिताच्या बाईंनी दया केली, आणि आज या वयात दोन दोन वह्या चालवतेय.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

खेळ कॅसेटमध्ये असतो. गाण्याची असते तशीच कॅसेट, पण आवाज ऐकाल तर कुणीतरी मांजराला इस्त्री करतंय असं वाटेल. पाच मिनिटं ते किंचाळणं ऐकलं की नकाशा येतो. कुठली कळ दाबली की शिपाई कुठे जातो हे कळावं म्हणून नातीने कळांवर कागदाचे बाण चिकटवून दिलेत.

सहा चालींत हरले. पुलावर शिपाई पाठवायचे होते ते मी नदीत पाठवत होते. मशीन जाऊ देत नव्हतं, आणि मला वाटत होतं ते आळशी आहेत.

मशीनची चाल आली की पडद्यावर येतं: थांबा, विचार करत आहे. आणि खरंच थांबावं लागतं हो! मला रिकामे हात चालत नाहीत, म्हणून विणकाम घेऊन बसले. मशीनचा एक विचार म्हणजे माझ्या दोन ओळी.

विणते आहे सूनबाईचाच स्वेटर. ती त्या मशीनपुढे गारठून बसते, मग शिंकते, आणि शिंकली की भलतीच कळ दाबली जाते म्हणते. यात प्रेमाबिमाचा काही संबंध नाही. टीव्ही लवकर मोकळा व्हावा एवढाच हेतू.

आता वही माझीच आहे म्हणून लिहिते. हे खूळ जावं असं मला वाटतं. कंपनीच्या साहेबांनी तिची खुर्ची महिनाअखेरपर्यंत रिकामी ठेवलीय. तोवर खेळ दुकानात गेला नाही तर एक तारखेला ही परत कामावर. नाही चालला खेळ तर बरंच होईल. निदान चहा तरी सुधारेल. हल्ली ती विचार करता करता चहा करते, आणि चहा कमी आणि विचारच जास्त पडतो कपात.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज साडेअकराला कुकर लावायला उठायचं होतं. डाव अर्धाच होता. पुलावर माझे सात शिपाई उभे. मशीन बंद केलं की डाव पुसला जातो हे मला माहीत आहे, ते खरे शिपाई नाहीत हेही माहीत आहे, एवढी काही मी वेडी नाही. पण आपण उठून स्वयंपाकाला जायचं आणि त्यांना तिथे तसंच पाण्याकाठी उभं ठेवायचं, हे काही बरं दिसेना.

म्हणून एकाला मागे मागे नेलं. टेकडी, मग गाव, मग नकाशाची खालची कड. कडेवर आणखी एकदा कळ दाबली तर गेलाच तो पडद्यावरून. म्हणजे खाली रस्ता आहे तर. घरी गेला. बरं वाटलं. बाकीच्यांना न्यायला वेळ नव्हता, त्यांची मनातल्या मनात माफी मागून बटण बंद केलं.

निळ्या वहीत लिहिलं: आज एक डाव. अडचण नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

खालच्या मजल्यावरचे कॅप्टनसाहेब आले होते. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, मिशी अजून नोकरीत आहे. त्यांच्याकडे हाच प्रकार टेबलावर असतो. मोठा कागदी नकाशा, पुठ्ठ्याच्या पाचशे सोंगट्या, पंचवीस पानांचे नियम. पूर्वी ते एका मित्राशी पत्राने खेळायचे, एका कार्डावर एक चाल. एक लढाई चार वर्षं चालली. मग मित्र गेला. आता ते दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळतात, आणि परवा म्हणे पंखा लावला आणि अख्खी फौज कपाटाखाली गेली.

मशीन समोरून खेळतं हे कळल्यावर त्यांचे डोळे असे काही चमकले की मी नजर वळवली. सूनबाईला म्हणाले, मलाही खेळून बघू द्या. ती म्हणाली, या ना, जाणकारही हवाच आहे. म्हणजे मी कोण ते पुन्हा एकदा ठरलं.

सोमवार, १० नोव्हेंबर

आज पडद्यावर एकदम चमकायला लागलं आणि कर्कश वाजलं. मी घाबरून बटण बंद केलं. नंतर सूनबाईने विचारलं तेव्हा सांगितलं, वीस चाली झाल्या होत्या, माझे शिपाई पुलावरच होते, मग काहीतरी बिघडलं. ती म्हणाली, आई, तुम्ही जिंकलात.

असेल. मी काही फार केलं नव्हतं. दमलेल्याला मागे घ्यायचं, ताज्याला पुढे करायचं. एखाद्या मोठ्या लग्नात वाढप्यांना फिरवतात तसं. त्यात काय एवढं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

मशीन मोडलं. मी मोडलं.

सकाळपासून चांगलं चाललं होतं. आज कुकरच्या आधी सगळ्यांना घरी पोचवायचंच असं ठरवून मी लवकर माघार सुरू केली. पुलावर होते तोवर मशीनचा विचार दोन ओळींचा. टेकडीमागे आले तर चार. गावात आले तर सात. एकच उरला, अगदी कडेला, तर अकरा ओळी. मी मोजते कारण बाहीचे टाके दर सहा ओळींनी कमी करायचे असतात, नाहीतर मला काय हौस. शेवटचाही घरी गेला. मी समाधानाने विणायला घेतलं. थांबा, विचार करत आहे.

थांबले. दहा ओळी झाल्या. वीस झाल्या. कुकर राहिला. मला वाटलं, माझ्या शहाणपणाने बिचारं गोंधळलंय, करू दे विचार. साठ ओळी झाल्यावर बघते तर बाही मनगट ओलांडून बोटांपर्यंत आलेली, आणि पडद्यावर अजून तीच अक्षरं. कळा दाबल्या, टीव्हीवर थाप मारली, चुचकारलंसुद्धा. काही नाही.

बटण बंद केलं, मशीनवर विणलेला रुमाल टाकला आणि वरण-भाताला लागले. ती बाहेरून आली तेव्हा रुमालाकडे बघून म्हणाली, छान दिसतंय.

निळ्या वहीत: आज एक डाव. अडचण नाही.

चार तारखेला मीच लिहिलं होतं ना, नाही चालला तर बरंच. घ्या.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

मशीन सकाळी ठणठणीत. जीव भांड्यात पडला. पण मोडलेलं नक्की काय, ते बघायला पुन्हा तसंच केलं. दोन, चार, सात, अकरा, आणि मग पुन्हा तेच. या खेपेला चाळीस ओळींवर मी हात टेकले.

दुपारी पुन्हा. पुन्हा तेच. बटण बंद, रुमाल.

सांगायला हवं, कळतंय मला. पण काय सांगू? तुझ्या खेळात मी लढत नाही, शिपायांना जेवायला घरी पाठवते? ती काही बोलणार नाही. तिचं ते काही न बोलणंच मला झेपत नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज कॅप्टनसाहेबांच्या हातून झालं.

सूनबाई दुकानदाराकडे गेली होती. तो रेडिओ विकतो, कोपऱ्यात एक फळी कॉम्प्युटरच्या कॅसेटींची. त्याचं म्हणणं लोकांना उडणारी जहाजं फोडायला हवी असतात, विचार करायला पैसे कोण देतो. तरी शेवटी तयार झाला. शनिवारी एकोणतीसला पन्नास कॅसेटी फळीवर ठेवेन, पण एकही परत आली तर सगळ्या परत.

ती आनंदात घरी येते तो पडद्यावर थांबा, विचार करत आहे, आणि समोर कॅप्टनसाहेब लालबुंद. म्हणाले, मी जोरदार मुसंडी मारली होती, शत्रू पळत सुटला होता, ऐन विजयाच्या क्षणी थांबलं.

मी शेजारीच विणत होते. मला तर त्यांचे शिपाई टेकडीवरून गावात, गावातून खाली खाली येताना दिसत होते. पण ती एखादी डावपेचाची मुसंडी असेल. त्यांनी पुस्तकं वाचलीत.

मी विणत राहिले. माझ्या एकटीच्या हातून नाही मोडलं, हे ऐकून मला जो काही हुरूप आला त्याची लाज वाटते, पण आला.

बुधवार, १९ नोव्हेंबर

चार दिवस सूनबाई मुसंड्या मारतेय. पुलावरून, नदीच्या वळणावरून, डावीकडून, उजवीकडून. शंभरदा शत्रू पळाला, मशीन एकदाही थांबलं नाही. कागदावर आकडे लिहिते, खोडते. चहा करते आणि ओट्यावरच विसरते, म्हणजे आता तो वाईटही मिळेनासा झालाय.

चिरंजीव तिला म्हणाले, बघू, होईल. हे त्यांचं लहानपणापासूनचं वाक्य आहे. दप्तर हरवलं तेव्हाही हेच.

मी तिला भीत भीत विचारलं, एखाददोन कॅसेटी थांबल्या तर काय होतं? ती म्हणाली, दुकानदार सगळ्या परत करेल आणि मी एक तारखेला बस पकडून ऑफिसला जाईन. मग म्हणाली, "आई, चूक आहे त्याचं मला काही वाटत नाही. चूक सापडली की सुटते. पण ती येते कधी तेच कळत नाहीये. तुमच्या वहीत तर रोज अडचण नाही."

मी लोकरीचा गुंडा खाली पाडला आणि उचलायला बराच वेळ लावला.

दोन आठवड्यांपूर्वी याच खुर्चीत बसून मी हे खूळ जावं म्हणत होते. आता तिचा तो झुकलेला खांदा बघवत नाही. आणि खरं सांगायचं तर मला तो खेळ हवाय. सकाळी अकरा वाजता कुणीतरी माझी चाल बघून एवढा वेळ विचार करतं. आयुष्यात या घरात माझ्या कुठल्या गोष्टीवर कुणी दोन ओळीसुद्धा विचार केला होता?

गुरुवार, २० नोव्हेंबर

सगळं याच वहीत आहे. कधी थांबलं, आधी काय केलं, किती ओळी. पण त्याच पानांवर चहा आहे. खूळ आहे. नाही चालला तर बरंच, हेही माझ्याच अक्षरात.

आधी वाटलं, पानं फाडून द्यावीत. तर सहा तारखेच्या पानाच्या पाठीमागेच चार तारखेचं. मग वाटलं, कामाचं तेवढं निळ्या वहीत उतरवावं. बसले. पण कामाचं कुठलं आणि बिनकामाचं कुठलं हे मला कळलं असतं तर मी अडाणी म्हणून या कामावर लागलेच नसते. ओळी उतरवू का? बाहीचं काय करू? कुकर घालू की गाळू?

पाऊण तासात दोन वाक्यं झाली, आणि दोन्हींत मीच शहाणी ठरत होते.

उद्या देते. आज शेवटचं लिहून घेते, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की मला माहीत होतं: सूनबाई, तुझा चहा वाईटच असतो. बाकी सगळं मागे घेते.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

यातलं सुरुवातीचं कॅप्टनसाहेबांच्या घरी बसून, त्यांच्या पाकिटांच्या पाठीवर लिहिलं आणि नंतर इथे उतरवलं, कारण वही तिच्याकडे होती.

सकाळी तिच्यासमोर ठेवली. म्हटलं, निळीत खोटं आहे, हिच्यात खरं. आणि चपला घालून खाली उतरले. मागे वळून बघितलं नाही. सेनापतीची पहिली खरी माघार.

कॅप्टनसाहेबांनी दार उघडलं, माझं तोंड बघून काही विचारलं नाही, सोंगट्या बाजूला सारून खुर्ची दिली. मग मीच सांगून टाकलं. शिपाई घरी पाठवते, एकही उरला नाही की मशीन थांबतं, मी लपवून ठेवलं. ते ऐकता ऐकता एक सोंगटी उलटसुलट करत राहिले.

मग म्हणाले, "वहिनी, त्या शनिवारी माझेही सगळे पळाले होते."

मी म्हटलं, पण मुसंडी?

"मुसंडी त्यांची होती. पूर्ण नकाशावर माझा एक माणूस उरला नव्हता. पंचवीस पानांचे नियम पाठ आहेत मला. तुमच्या सुनेपुढे कसं सांगायचं?"

मला हसू यायला नको होतं, पण आलं. मग त्यांनाही आलं. सहा दिवस ती पोर मुसंड्या मारत होती आणि आम्ही दोघं म्हातारे वरच्या आणि खालच्या मजल्यावर तोंड दाबून बसलो होतो, एक घरी पाठवल्याच्या लाजेने, एक पळाल्याच्या.

तेवढ्यात जिन्यावर धावत यायचा आवाज. ती माझी वही छातीशी धरून दारात उभी. मला वाटलं, झालं आता.

ती म्हणाली, "आई, या ओळी खऱ्या मोजलेल्या आहेत? दोन, चार, सात, अकरा?"

मी म्हटलं, टाके कमी करायचे असतात गं, मोजाव्याच लागतात.

ती तिथेच जमिनीवर बसली आणि सोंगट्यांवर दाखवू लागली. मशीन सगळ्यात जवळचा पांढरा शिपाई शोधतं. आधी शेजारच्या घरांत, मग त्यांच्या पलीकडच्या, मग त्याच्याही पलीकडच्या. शिपाई जेवढा लांब, तेवढा वेळ जास्त, तेवढ्या माझ्या ओळी जास्त. आणि शिपाईच नसला तर? शोधतच राहतं. कुणी पांढरा उरला आहे का हे आधी विचारायला ती मशीनला शिकवायची विसरली होती. कारण खेळायला बसलेलं माणूस सगळ्यांना घरी नेईल, असं तिच्या मनातच आलं नव्हतं. तेवढ्यात कॅप्टनसाहेब घसा खाकरून म्हणाले, किंवा पळवेल. आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं, उभं राहून, जसा वरिष्ठांना अहवाल देतात तसा.

वर येताना मी हळूच विचारलं, सगळी वाचलीस? ती म्हणाली, सगळी.

पण वहीत पेन्सिलीच्या खुणा आहेत त्या फक्त आकड्यांखाली. चहापाशी एकही नाही. खुळापाशी नाही. मी दोनदा बघितलं.

रविवार, २३ नोव्हेंबर

चूक सुटली. दोन ओळींचं काम होतं म्हणे, तिच्या ओळींचं.

आता प्रश्न आला, सगळे घरी गेले की पडद्यावर काय लिहायचं. कॅप्टनसाहेब म्हणाले, नियमाप्रमाणे ती हार आहे, हारच लिहा, मला सवय आहे. चिरंजीव म्हणाले, बघू. सूनबाईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मला काय विचारतेस, मी अडाण्यांत नेमलेली आहे. तरी बघतच राहिली. मग मी सांगितलं.

आता शेवटचा पांढरा खालच्या रस्त्याने गेला की मशीन एक क्षणही थांबत नाही. पडद्यावर येतं: पूल गेला. माणसं सगळी घरी पोचली.

हार का जीत ते लिहिलेलं नाही. ज्याचं त्याने बघावं. कॅप्टनसाहेबांनी आज तीनदा तिथवर आणलं आणि तिन्ही वेळा म्हणाले की मुद्दाम आणलं.

शनिवार, २९ नोव्हेंबर

आज कॅसेटी फळीवर लागल्या. पन्नास. प्रत्येक आम्ही घरी लावून बघितली. आठवडाभर घरात मांजरांना इस्त्री चालू होती. ऑफिसच्या साहेबांना तिने पत्र टाकलं की खुर्ची दुसऱ्याला द्या. टाकायला जाताना मला म्हणाली, येता का पेटीपर्यंत? गेले. पत्र तिने माझ्या हातात दिलं, मी पेटीत टाकलं. एवढ्यासाठीच नेलं होतं तिने.

दुकानात जायला निघाली तर अंगात तो स्वेटर. उजवी बाही बरोबर मनगटाला, डावी बोटांच्या पुढे लोंबतेय, हत्तीच्या सोंडेसारखी. मी म्हटलं, अगं काढ, लोक काय म्हणतील, रविवारी उसवून नीट करते. तिने बाही तीनदा दुमडली आणि म्हणाली, "ही उसवायची नाही. चूक किती लांब होती ते एवढ्या एकाच ठिकाणी लिहिलेलं आहे."

आणि मग स्वयंपाकघरात जाऊन चहा घेऊन आली. कडक, आल्याचा, गरम. मी वर बघितलं तर तिचं लक्ष दुसरीकडे, पण कान माझ्याकडे.

मी म्हटलं, बरा आहे.

आता एकच तक्रार उरली, ती लिहून ठेवते, वाचली तर वाचली. चूक काढता काढता तिने मशीनला शोधायचंही झटपट शिकवलंय. आता त्याचा विचार अर्ध्या ओळीत आटोपतो. चिरंजीवांचा स्वेटर घातलाय सुयांवर, पण या चालीने तो पुढच्या थंडीलाही व्हायचा नाही.